शिळा सण

उपासाच्या आदल्या संध्याकाळी
डिमोन्याहून आत्याचा फोन येतो,
इथे खारकर आळीत मी वाती वळत असतो.
"दार फळलंस का रं?"
एलान आतल्या खोलीतून विचारतो,
कुठलं दार?

तो बारा वर्षांचा आहे. रविवारी शिकवणीला जातो,
घशाच्या तळातून काढायची अक्षरं नीट काढतो.
त्याच्या वहीत सणांची नावं बरोबर आहेत:
रोश हशाना, योम किप्पूर, तिशा बआव.
माझ्या तोंडी अजून
नव्याचा सण, दारफळणी, बिरड्याचा सण.

"तिशा बआवला बिरडं का?"
देऊळ जळालं म्हणून.
"देऊळ जळालं आणि आपण वाल सोलले?"
हो रे. यरुशलेमहून बातमी चौलच्या बंदराला पोचायची,
तोवर वालांना मोड आले असतील.

आत्या बासष्ट साली गेली.
एक ट्रंक, विळी, आणि जिभेवर होतं ते.
कापडगिरणीत मोरोक्कोच्या बायांशेजारी उभी राहून
तुटले धागे सांधायची.
लग्नाच्या वेळी रब्बीने पिढ्या विचारल्या.
आजीच्या आजीचं नाव तिनं सांगितलं, सगुलाबाई.
त्यातलं "बाई" कसं लिहायचं
ते त्याला कळेना.

साठ वर्षं झाली. ती अजून
फटफटी म्हणते, आगबोट म्हणते,
मेथीच्या जुडीला पेंडी म्हणते.
तिच्या नातवाला, ओफिरला, तीन शब्द येतात:
खा, बस, उगाच.
आणि मी? मी तिला ओके म्हणतो,
नंतर कॉल करतो म्हणतो.

एकदा गमतीत बोलून गेलो,
आत्या, तुझी मराठी शिळी झाली गं.
ती हसली नाही.
"शिळा सण इसरलास?"

दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाचं ते नाव.
आमच्यात जुने लोक मानायचे,
उपासाच्या रात्री मेलेली माणसं घरी येतात,
पांढऱ्या कपड्यांतल्या आपल्यात बसून घेतात,
आणि शिळ्या सणाला परत निघतात.
"निघालेल्याला समजंल असं बोलाया नको?
तुझ्या बापाला कुठं येत होती हिब्रू?"

बापाला प्रार्थना पाठ होती, अर्थ नव्हता.
अर्थ तो मराठीत मागायचा,
देवाशी भांडण तर फक्त मराठीतच.

इथला सूर्य तिच्याआधी अडीच तास बुडतो.
मी दिवा लावून कडी घातली, फोन बंद केला.
तिचं दार अजून उघडं असणार,
वाळवंटातल्या तिसऱ्या मजल्यावरचं.
रात्रभर तेच डोक्यात:
यायचे ते आधी कुणाकडे येतील,
आणि बाबांना तिथला जिना चढवेल का.

दुसरा दिवस भुकेत गेला.
परवा सकाळी चहा झाल्यावर
एलान माझ्यामागे दारापर्यंत आला.
"ते जाताना काय म्हणायचं? हिब्रूत काय म्हणतात?"
मला माहीत नव्हतं.
म्हटलं, नुसतं "या" म्हण.
"पण ते चाललेत ना?"
म्हणूनच.

त्याने कडी काढली,
रिकाम्या जिन्याकडे तोंड करून
जरा मोठ्यानेच म्हणाला, या हं.
समोरच्या परुळेकरबाईंनी दार किलकिलं केलं.
कोण आलंय?
एलान माझ्याकडे बघत राहिला.