काटा

अकरा हंगाम बसले जिनिंगच्या काट्यावर.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक तेवढा कापूस.
एका पावतीत खाडाखोड दाखवा.

नागपूरला एकवीस दिवस भरती होते.
परतले तर खुर्चीत ढुमणेसाहेबांचा भाचा,
माझ्या डब्याच्या खिळ्याला त्याचं हेल्मेट.
साहेब सावकाश बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसं,
"पंचफुलाबाई, तुमाले आराम पाह्यजे."
फिटनेसचा कागद वाचला नाही,
चिमटीत धरला फक्त, ओला असल्यासारखा.

फाटकावर शालिक हमाल हळूच म्हणाला,
"तुले पागलखान्यात टाकलं होतं म्हनते."
"दवाखान्यात," म्हटलं.
"तुही पथरी निंघाली ना,
त्याच रस्त्यावर आहे."
तो हसला. मग मीही.

रात्रीच्या गोळीनं तोंडाला कोरड पडते.
तांब्या उशाशी घेऊन
कामगार कार्यालयाचा अर्ज भरते.
'काढल्याचे कारण' या रकान्याशी अडते.
लेखी कोणी दिलंच नाही.
तारखा लिहिते मग: रुजू. रजा. परत.
'परत' दोनदा गिरवते.

बाहेर डांबरीवरून गाडी जाते.
उठून दारातून टायर पाहते,
किती दबलेत.

भरली आहे.