क्रोकी

बरक्यात हायवे सोडून समुद्राकडे वळलं की
खलफान अल-ब्लूशीची बाग होती.
होती म्हणायचं. खजुरी अजून उभ्या आहेत,
पण विहिरीला समुद्र लागला
आणि दोन उन्हाळ्यांत
झाडं शेंड्यापासून म्हातारी झाली.

वारस सात. प्लॉट एकतीस.
मी ऑफिसात बसून रेघा मारते.
जमिनीच्या कागदाला इथे क्रोकी म्हणतात:
चार कोपरे, उत्तरेचा बाण, शिक्का.
सहाशे चौरस मीटर.
मनात मी अजून गुंठ्यांतच मोजते,
सहा, जरा कमीच.

खलफान रोज येतो. काठी दाराबाहेर,
खजुराचा डबा टेबलावर.
"या मुहंदिसा," म्हणतो.
मी इंजिनिअर नाही, कुडाळच्या आयटीआयची ड्राफ्ट्समन,
पण सुधारणं सोडून दिलंय.
पहिल्या दिवशी त्याने नकाशा उलटा धरला
आणि तसाच बरोबर वाचला:
इथे बैल उतरायचा, इथे मोट रिकामी व्हायची,
इथे धाकटा पडला,
त्याचा दात इथेच राहिला मातीत.
मी बोटाखाली पाहिलं. प्लॉट नऊ.
दात गेला कॉर्नरच्या भावाने.

गिऱ्हाइकं ऊन उतरल्यावर येतात.
शाळेत शिकवणारी बुस्रा आणि तिचा नवरा हैथम
खुंट्यांच्या मधे उभे राहिले.
लहान आहे, तो म्हणाला.
"रिकामी जमीन लहानच दिसते,
भिंती उठल्या की मोठी होते," विजयन म्हणाला.
हे तो सगळ्यांना सांगतो.
खरं आहे, म्हणूनच चालत असावं.
बुस्रा वाळूत बसली, मग अबायासकट आडवी झाली.
"उठल्यावर इथून खिडकी दिसली पाहिजे,"
म्हणाली, आणि बघत राहिली.
खिडकीच्या जागी एक बकरी होती.

तुला घ्यायचा असता तर कुठला, खलफानने विचारलं.
आम्हाला इथे घेता येत नाही, त्यालाही ठाऊक.
"तेवीस," मी म्हणाले,
इतक्या लगेच
की दोघंही डब्याकडे बघू लागलो.

आता सांगून टाकते.
तेवीसची पूर्वेची रेघ
मी जरा बाहेर ओढली होती.
पंधरा सेंटिमीटर. एक वीत, बोटं न ताणता.
शेजाऱ्याची नाही घेतली, रस्त्याची घेतली.
बारा मीटरचा रस्ता तिथे अकरा पंच्याऐंशी.
बाबा भूमी अभिलेखात चेनमन होते.
जेवताना सांगायचे,
खून माफ होईल एखादवेळ, बांध कोरलेला नाही.
आणि त्यांच्या लेकीने परक्या मुलखात
बांध कोरला, तोही
कुणासाठी ते ठाऊक नसताना.
मोजणी झाली. शिक्का बसला.
कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि
रस्ताच तर आहे, म्हणाले.

बुस्राला तेवीस परवडला नाही, तिने अठरा घेतला.
तेवीस कुणा सलीमच्या नावावर झाला;
मुल्कियावर सही पाहिली, माणूस नाही.
खलफान मग यायचा थांबला.
डबा राहिला माझ्याकडे, त्यात आता पिना ठेवते.

दोन वर्षांनी काही काम नसताना तिकडे गेले.
भिंत बरोब्बर माझ्या रेघेवर.
फाटक उघडं होतं.
भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या फटीत
कुणीतरी तीनचाकी सायकल उभी सरकवून ठेवलेली,
हँडल जरा घासलेलं.
वीतभर कमी असती फट तर मावली नसती.

बघत किती वेळ थांबले कोण जाणे.
आतून कुणी बाई "कोण?" म्हणाली
तशी गाडी वळवायला घेतली.
एका दमात वळली नाही.
पुढे, मागे, पुन्हा पुढे.
रस्ता तिथे जरा अरुंद आहे.