दोन टिंबं, एक तिरकी रेघ

येमूल काकांच्या टॉवेलांची साइट
रात्री दीड वाजता मी वर चढवली.
माझ्या कॉम्प्युटरवर सगळं दिसत होतं:
मोराची चादर, लाल काठाचे नॅपकिन,
कारखान्याच्या दारात टोपी घातलेले त्यांचे वडील.

सकाळी अशोक चौकातून फोन.
"चादरी कुठं हायत गं?
नुसत्या चौकटी दिसायल्यात,
कोपऱ्यात फाटका कागद."

चादरी माझ्या घरी होत्या.
प्रत्येक चित्राचा पत्ता मी पूर्ण लिहिला होता,
अगदी इमानदारीनं:
सी ड्राइव्ह, मग माझं नाव, मग डेस्कटॉप,
मग 'नवीन फोल्डर दोन', मग 'काका फायनल'.
काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.
"म्हंजे गिऱ्हाइकाला तू सांगितलंस,
माल हाय, माझ्या उशाखाली बघ."

दुपारभर खोडत बसले.
आता जिथं उभी आहे तिथूनच सांगायचं.
दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर,
तिरकी रेघ म्हणजे दार,
आत 'चित्रं', त्याच्या आत 'मोर'.
गाव कुठलं, सर्व्हर कुणाचा,
विचारायचंच नाही.

साखर पेठेत आम्ही असाच पत्ता सांगायचो.
घर नंबर आईलाही पाठ नव्हता.
मारुतीपासून एक बोळ मागं या,
मागांचा खडखडाट ऐकू आला
की तिथून तिसरं दार.
ज्या वर्षी खडखडाट थांबला
त्या वर्षी पाहुणे चुकायला लागले.

मग विडी घरकुलात आलो.
टेम्पोतून उतरल्या उतरल्या आईनं
सगळं होतं तसं लावलं:
देव्हाऱ्याच्या उजव्या हाताला तंबाखूचं सूप,
सुपाला टेकून कात्री,
कात्रीपाशी दोऱ्याचं रीळ.
त्या रात्री लाइट गेली
तरी तिचा हात एकदाही चुकला नाही.
अंधारात मोजून पंचवीस विड्या, एक जुडी.

फक्त नायनांचा माग
(बापाला आमच्यात नायना म्हणतात)
आमच्याबरोबर आला नाही.
तो किलोवर गेला.
नायना अजून जेवून उठले
की हात पुसत त्या भिंतीकडं वळतात,
आणि तिथं कॅलेंडर असतं.

संध्याकाळी परत फोन.
"मोर आला गं! नॅपकिन बी आले."
मागं कुणीतरी तेलुगूत हसत होतं.
मग जरा थांबून,
"पण वडील आडवे झालेत.
तेवढं त्यांना उभं कर."