साठ कपांची किटली

लग्न शनिवारी. ते माझ्याकडे नाही,
ते आयला आणि तिच्या याद्या बघून घेतील.
माझ्या वाट्याला शुक्रवारची संध्याकाळ आली आहे.
"बाबा, नुसती वेलकम पार्टी. साधीच.
लोक दमून आलेले असतील."

साधीच, म्हणजे बावन्न माणसं.
त्यातली एकतीस लुइझियानाची,
ज्यांनी जुलैत स्वेटर घातलेला माणूस
अजून पाहिलेला नाही.
दोन विमानं बदलून, मग चार तास गाडीने
ती मिशिगनच्या या टोकाला येणार,
जिथे सुपीरियर सरोवरापुढे रस्ता हात टेकतो
आणि हात टेकतो तिथेच माझं बोटींचं गोदाम.

बोटी बाहेर काढल्या.
एक काही केल्या निघेना; तिच्यावर फळ्या टाकून
जेवणाचं टेबल केलं.
जमिनीवरचं तेल भुशाने टिपलं, पुन्हा टिपलं.
चर्चच्या तळघरातल्या घडीच्या खुर्च्या मोजल्या: सेहेचाळीस.
त्यातल्या तीन बसणाऱ्याला दगा देतात,
त्या आमच्याच लोकांसाठी ठेवल्या.
डासांसाठी धूर. थंडीसाठी घोंगड्या.
धुरात शेकलेला मासा टॉइव्होकडून; पैसे घेणार नाही म्हणतो,
म्हणजे पुढे वर्षभर बोलून दाखवणार.

कागदाच्या कडेला मी लिहिलं: बोलायचं काय?
आमच्याकडे गप्प बसणं हा पाहुणचाराचाच भाग.
पाहुण्यासमोर कॉफी ठेवायची,
खिडकीबाहेर बघायचं,
बऱ्याच वेळाने म्हणायचं, "वारा फिरला."
जावयाची आई फोनवर बोलू लागली
की माझे पातेलंभर बटाटे सोलून होतात
आणि मला एकदा "हो" म्हणायला मिळतं.

मग कॉफी.
तिथे यादी अडकली.
अख्ख्या गावात साठ कपांची किटली एकच,
ती आमच्या आईची,
आणि ती आर्वोकडे.

आर्वो माझा भाऊ. दीड मैलावर राहतो.
अकरा वर्षं झाली.
भांडण बोटीच्या एका इंजिनावरून,
जे आता दोघांकडेही नाही.
आयलाच्या यादीत त्याच्या नावापुढे
प्रश्नचिन्ह होतं, शाईचं नव्हे, पेन्सिलीचं,
माझ्या सोयीसाठी.

गाडी त्याच्या दाराशी उभी केली, बंद केली नाही.
म्हणायचं ते वाटेत घोकलं होतं,
एकदा इंग्रजीत, एकदा घरच्या फिनिशमध्ये.
दार उघडलं आणि समोर
आमच्या वडिलांचा चेहरा, जरा जास्तच थकलेला.
"किटली हवी," एवढंच निघालं.

तो आत गेला. डबे सरकल्याचे आवाज,
काहीतरी पडल्याचा, मग एक शिवी.
किटली आली. झाकणावर बोटभर धूळ,
आत आईचा मापाचा चमचा, दांडा वाकलेला,
तसाच.

"तोटी गळते," तो म्हणाला.
"बरं."
"खाली कप ठेवावा लागतो. भरला की बदलावा लागतो."
"बरं."
"नवख्याला नाही जमत ते.
शेजारी कुणीतरी बसून राहावं लागतं."

माझी गाडी उगाच पेट्रोल जाळत होती.
सरोवराकडून गार झुळूक आली, नसेलही आली.
"वारा फिरला," मी म्हणालो.
त्याने झाडांच्या शेंड्यांकडे नीट बघितलं,
दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं.

"पाच वाजता," मी म्हणालो.
"आणि सदरा धुतलेला घाल."

घरी येऊन खोडरबर शोधला. सापडला नाही.
मग खुर्च्यांच्या आकड्याखाली लिहिलं:
अधिक एक स्टूल, बुटका,
तोटीच्या उंचीचा.