शब्दाचं डोकं

बेथेस्डा गावात घरांवर कौलं नाहीत, पाट्या आहेत.
खाणीतून काढलेल्या, काळ्या-जांभळ्या.
निपाणीच्या शाळेत जी थुंकीनं पुसून पुसून
मी कन्नड अक्षरं गिरवली, तिच्याच बहिणी.
आले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच:
इतक्या पाट्या, आणि सगळ्या कोऱ्या!

वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
खोली नऊ, नेस्ता पॅरी, वय एक्क्याण्णव.
तिचं इंग्रजी आधी गेलं.
लिव्हरपूलमध्ये नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं वापरलेलं,
धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं
एका हिवाळ्यात टर्रकन फाटलं.
खालून वेल्श निघाली, घडीसुद्धा न मोडलेली.
मग मला शिकावीच लागली.

ती म्हणाली, बारा.
मी घड्याळ पाहिलं, साडेचार वाजले होते.
तिला पाव हवा होता.
ती म्हणाली, पानद. मला दिसली पाणंद,
तंबाखूच्या शेताकडे वळणारी, दोन्ही अंगांना निवडुंग.
तिला चहा हवा होता. चहा मी दिला.
पाणंद मात्र सकाळपर्यंत डोळ्यांपुढून हलली नाही.

माझं नाव बकुळा.
छातीवरच्या बिल्ल्यावर बाकुला. मॅनेजरीण म्हणते बॅक्युला.
नेस्ता जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडायची,
मांजरीनं फिस्कारावं तशी.
ळ नव्हे तो,
पण ळ च्याच गल्लीत राहणारा कुणीतरी.

नाडी मी कन्नडमध्ये मोजते, पाढे त्यातच झाले ना,
एप्पत्तेरडु, एप्पत्तमूरु.
गोळ्यांची नावं इंग्रजीत.
शिव्या दखनीत, बाबांच्या वखारीतल्या बायकांनी दिलेल्या,
अजून धारदार आहेत, इथं कुणाला कळत नाहीत.
आणि मराठी? रात्री सव्वातीनला,
औषधाच्या कपाटाची किल्ली सापडेना तेव्हा,
"अगं बाई, गेली कुठं ही?" एवढीच.

मराठीत शब्दाची शेपटी हलते:
बाप, बापाला, बापानं.
वेल्शमध्ये डोकंच बदलतं.
ताद म्हणजे वडील. तुझे असले तर दाद.
तिचे असले तर थाद.
माझे असले तर? तिथं मी दरवेळी अडायचे.
मंगळवारच्या वर्गात ग्वाउर हसायची, म्हणायची, होईल.
मी मनात म्हणायचे, कुणाचा का असेना,
बाप तो बाप, त्याचं डोकं कशाला बदलायचं?

नोव्हेंबरात पहाटे फोन आला. भाऊ म्हणाला,
"आपले बाबा गेले गं, बकू."
आपले.
त्यात तो होता, मी होते, आई होती,
वखारीचा तो खोकला आणणारा वासही होता.
रजेच्या अर्जावर चौकट होती, नातं काय?
फादर लिहिलं. चौकट भरली, वर जागाही उरली.

सहाची गोळी चुकवून चालत नाही.
खोली नऊमध्ये गेले. नेस्तानं तोंडाकडे पाहिलं.
बे सी? काय झालं?
ताद, मी म्हणाले.
ताद पुइ? कुणाचे?
व ताद.

मुलीचं नाव विसरलेली,
दात कुठं ठेवले तेही विसरलेली ती बाई
उशीवरून अर्धी उठली.
न्हाद, म्हणाली. व न्हाद.
नाकातून. परत म्हण.
म्हटलं.
नाकातून यायला काही अडचण नव्हती,
नाक भरलेलंच होतं.

मग तिचं मनगट धरून मोजायला लागले.
एप्पत्तुपर्यंत पोचले,
पुढचा आकडा कुठल्याच भाषेत येईना.
तिनं हात काढून घेतला नाही.
जरा वेळानं विचारलं, बारा?

मी पाव भाजायला गेले.