चार विटा

कमतगी सरांनी पहिल्याच तासाला बजावलं,
रेल्वेचे रूळ काढायचे नाहीत.
सगळे रूळच काढतात,
लोंढ्याच्या दिशेनं नेऊन एका ठिपक्यात सोडतात
आणि म्हणतात, आलं यथार्थदर्शन.
मग त्यांनी एकेक वीट वाटली आम्हाला,
मलप्रभेच्या मातीची, भट्टीतून आलेली, अजून कोमट.
कोपरा आपल्याकडे करून ठेवा.
आता हात लावायचा नाही.

मोदलु नोडु, आमेले बरे.
आधी बघ, मग काढ.
आम्ही खानापुरातली मराठी शाळेची पोरं,
आम्हाला वाटायचं सर म्हणतायत, बरे,
बरं आहे, जमतंय.
दिवाळीनंतर कधीतरी कळलं,
त्यांच्या भाषेत लिहिणं आणि चित्र काढणं
एकाच शब्दात उरकतं.
तोवर त्या नसलेल्या शाबासकीवर
माझी रेघ सरळ झाली होती.

विटेची एक बाजू डावीकडे पळते, एक उजवीकडे,
आणि त्यांचे बिंदू कागदात मावत नाहीत.
माझा डावा पडला भरमूच्या वहीत,
(त्यानं तो खोडरबरानं पुसला, भांडण झालं)
उजवा खिडकीबाहेर,
कौलांच्या कारखान्याच्या धुराड्यापाशी.
सरांनी सुतळी ताणून दाखवली.
लांब आहेत, पण एकाच रेषेवर आहेत.
रेषा कुठली, सर?
तुझ्या डोळ्यांची. दुसऱ्या कुणाची नाही.

त्याच थंडीत कारखाना बंद पडला.
स्लॅबच्या घरांना कौलं कशाला.
बा वास्कोला गेला, गोदीत.
आवारातून डांबरीपर्यंतची सपाट वाट मी काढली
आणि तिच्यावर बाला काढलं चार वेळा,
जवळ, लांब, आणखी लांब, काडीएवढा.
पाय एकाच ओळीत. डोकं दर वेळी थोडं खाली.
जातो तो माणूस बुडत जातो
असंच मी धरून चालले होते.

सरांनी लाल पेन्सिल उचलली नाही.
पंधरवड्यानं बा घरी आला, तेव्हा
आम्हा दोघांना घेऊन ते ओसाड आवारात गेले.
मला विटांवर उभं केलं.
एक. दोन. तीन.
चौथ्या विटेला माझे डोळे बाच्या डोळ्यांना भिडले.
सरांनी फूटपट्टी आडवी धरली माझ्या नाकावर
आणि बाला म्हणाले, आता उलटा चाल.

बा लाजत लाजत मागं सरकला.
रस्त्यावरून कुणी ओरडलं,
काय करुलालास रं गुंडू, उलटं चालून?
बा हसला, पण थांबला नाही.
सदऱ्याची बटणं गेली. मिशी गेली.
तोंड मोहरीएवढं झालं.
तरी डोळे पट्टीवरून हलले नाहीत.
पाय वर येत होते.
फक्त पाय,
जमीन चढून माझ्या रेषेकडे.

आपल्याएवढा माणूस
कितीही लांब गेला तरी
आपल्या नजरेखाली जात नाही.
हे सर बोलले नाहीत.
ते म्हणाले, बरे.
मी दोन्ही भाषांतून ऐकलं.

आता मी टिळकवाडीत एका इंजिनिअरकडे
घरांचे नकाशे काढते. बिंदू कॉम्प्युटर शोधतो,
चुकत नाही, कुणाच्या वहीतही पडत नाही.
परवा खानापूरला गेले.
बा परसात जुनी कौलं निवडत बसला होता.
भेटायला उठला,
पाठ पूर्वीसारखी उलगडत नाही,
त्याचे डोळे माझ्या हनुवटीपाशी आले.
किती विटा, मोजलं नाही.

बस की, म्हणाला.
मी शेजारी उकिडवी बसले.
क्षितिज हट्टी नसतं,
आपण बसलो की तेही बसतं.
कौलांच्या चळतीवर ठेवलेली चहाची कपबशी
मागच्या धुराड्यापेक्षा
उंच झाली.