नऊशे बैसा

काउंटर चारवर माझं काम दोन शिक्क्यांचं.
निळा : वीजपाण्यावरचा कर भरला.
हिरवा : कराचा बोजा सोसवत नाही, सबब भत्ता वाढवावा.
दोन्ही एकाच खणात झोपतात,
एकाची शाई दुसऱ्याला लागलेली.

सूरमध्ये सकाळी आठलाच एक्केचाळीस.
शम्सा बिंत खमीस आली,
अबायाच्या बाहीतून बिल काढलं,
चौघडी, घामानं मऊ पडलेलं.
अठरा रियाल वीज आणि पाणी मिळून,
त्यावर कर नऊशे बैसा.
"दुपारी माझा एसी बंदच," म्हणाली,
"ओली ओढणी बांधते खिडकीला.
लेकाच्या खोलीतला मात्र बंद करता येत नाही,
तो चार वर्षं अंथरुणावर."

मी निळा मारला.
मग फॉर्म दिला, सात पानी.
तिचा अंगठा, माझी सही,
मग हिरवा.
भत्ता वाढला नऊशे बैशांनी,
ना एक कमी, ना एक जास्त.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"टॅक्सीला दोन रियाल गेले, बाबा,
माझेच पैसे मला भेटवायला."
आणि हसली. मला नाही जमलं.

आमच्या दाभोळच्या वाडीत रहाट होता.
लोटे भरून वर यायचे, रिकामे खाली जायचे,
आणि प्रत्येक फेऱ्यात थोडं पाणी
विहिरीतच परत सांडायचं.
तो आवाज मला फार आवडायचा.
तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

महिनाअखेरीस साहेबांनी दोन रकाने समोर सरकवले :
करातून आले, भत्त्यात गेले.
"मधे काय उरतं, काढ."
दोनदा मांडलं. तिसऱ्यांदा बैशांसकट.
उरला तो जवळपास माझा पगार,
शिक्क्यांची शाई, सात-सात पानं
आणि या हॉलमधला थंडावा.
आकडा लिहिला, खाली काही लिहिलं नाही.
स्वतःच्या चुलीत कोण पाणी ओततं?

रात्री खोलीचं बिल आलं.
सहा जणांत वाटायचं.
निळा शिक्का आम्हालाही चालतो,
हिरवा परक्या मुलखाच्या माणसाला लागू नाही.
इकबाल मुकादमनं पेन्सिलीनं भाग पाडले.
चार बैसा उरले, सहांत भागेनात.
ते कुणी भरायचे
यावर बराच वेळ हुज्जत चालली,
एसी जुना, घरघर फार,
म्हणून जरा मोठ्यानंच.